धाब्यावरचं ऊन, पोटातलं वादळ

ड्रायफ्रूट म्हणजे हेल्दी, असं समजून ऑफिसचा ड्रॉवर भरून ठेवणाऱ्या एका नाजूक पोटाचे खान्देशातले चार दिवस...

आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एखादं गुपित असतं. कुणाचं सिगारेटचं पाकीट, कुणाचा दुसऱ्या कंपनीला पाठवायचा बायोडाटा. माझ्या ड्रॉवरमध्ये सुके अंजीर होते. शिवाय जर्दाळू, खजूर आणि बीट-गाजर-भेंडीच्या चिप्सचं एक चकचकीत पाकीट. त्यावर हिरव्या अक्षरांत ‘नॅचरल’ असं लिहिलेलं. चार वाजता सगळी गँग वडापाव मागवायची, तेव्हा मी आपली शहाण्या मुलीसारखी अंजीर चघळत बसायचे. ‘किती कंट्रोल आहे गं तुझा!’ असं कलीग्ज म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं.

आणि साडेपाचला पोट फुगायचं. फुगायचं म्हणजे अक्षरशः. सकाळी नीट बसलेल्या जीन्सचं बटण संध्याकाळी लागायचं नाही. मग कळा, मग धावपळ. अंधेरी ते डोंबिवली हा माझा रोजचा प्रवास. त्यात कुठल्या स्टेशनवरचं टॉयलेट कुठल्या टोकाला आहे, याचा अख्खा नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला होता. हसू नका. ज्यांच्यावर वेळ आली आहे, त्यांच्या डोक्यातही तो आहे, फक्त ते बोलत नाहीत.

दोन वर्षं, तीन डॉक्टर, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ हे औषध तर तिघांनीही दिलं. शेवटी एका पोटविकारतज्ज्ञांनी त्या त्रासाला नाव दिलं : इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस. यात आतड्याला जखम नसते, पण ते जरा जास्तच हळवं असतं. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढा गॅस झाला, तरी आमच्या पोटात फुगा फुटल्यासारखं होतं. त्यांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्या बाईंनी सगळ्यात आधी काय विचारलं असेल? ‘ड्रॉवरमध्ये काय ठेवता?’

तिथे मला ‘फॉडमॅप’ हा शब्द पहिल्यांदा कळला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 च्या सुमाराला तो रूढ केला. काही प्रकारच्या साखरा आणि कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारून गॅस तयार करतात. कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टॅन त्यातलेच. खजुरातही फ्रुक्टॅन असतात. जर्दाळू आणि आलुबुखार यांच्यात सॉर्बिटॉल असतं. म्हणजे माझा ड्रॉवर हेल्दी फूडचा नव्हताच, दारूगोळ्याचं कोठार होतं!

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तेव्हा ती कानाआड गेली. वाळवलं की फळातलं पाणी तेवढं जातं, साखर जागेवरच राहते. साधारण चार किलो द्राक्षांचे एक किलो बेदाणे होतात. ताजे जर्दाळू एका बैठकीत दहा कोण खातं? सुके दहा मात्र एका कॉन्फरन्स कॉलमध्ये संपतात. आणि त्या ‘नॅचरल’ चिप्सच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘कांदा पावडर’ असं लिहिलेलं होतं.

ड्रॉवर रिकामा झाला. सुरुवातीचे काही आठवडे बरंच काही बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, असा तो प्रकार. तो करताना मी एक गोष्ट हळूच बंद केली आणि ती आहारतज्ज्ञांच्या यादीत नव्हती. मी शिंदखेड्याला जाणं बंद केलं.

शिंदखेडा माझं गाव. म्हणजे बाबांचं. धुळे जिल्ह्यातला तालुका. ऑफिसात नाव सांगितलं, की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे जिजाऊंचं ना?’ नाही हो, ते सिंदखेडराजा, तिकडे बुलढाण्यात. आमचं शिंदखेडा तापीच्या अलीकडचं, बुराई नावाच्या नदीकाठचं. पावसाळा सोडला तर या नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त असते, त्यामुळे तिला हे नाव कुणी रागाच्या भरात दिलं असावं, अशी माझी लहानपणापासूनची शंका आहे. तिथे मोठी माय असते, म्हणजे माझी मोठी काकू. मोठी माय माणसाला कसं आहेस असं विचारत नाही, ताट वाढते. त्या ताटात काळ्या मसाल्याची शेवभाजी, लसणाची चटणी, कांदा. अशा ताटासमोर बसून ‘मला हे चालत नाही’ कसं म्हणायचं? त्यापेक्षा ‘सुट्टी मिळत नाही’ सोपं. अशी तीन वर्षं काढली.

गेल्या मार्चमध्ये तिचा फोन आला. वाळवणाचे दिवस तोंडावर आलेत, सूनबाईचा हात मोडलाय, येतेस का? मोठ्या मायनं कधी कुणाकडे मदत मागितल्याचं मला आठवत नाही. मी एप्रिलची चार दिवसांची रजा टाकली आणि सुरतमार्गे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. बॅगेत एक डबा तांदळाचे पोहे, एक डबा भाजलेले शेंगदाणे आणि औषधांची थैली. युद्धावर निघाल्यासारखी!

या रेल्वेमार्गाची गंमत मला नेहमी वाटते. मुंबईहून खान्देशात जायला आधी गुजरातेत शिरायचं आणि मग परत महाराष्ट्रात यायचं. नवापूरच्या स्टेशनातून तर दोन राज्यांची हद्दच जाते, फलाटावरचं एक बाकडं अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. मला जाग तिथेच आली. पुढे नंदुरबार. लहानपणी जानेवारीत यायचो तेव्हा इथली मिरचीची पथारी बघायला मिळायची. वाळत घातलेल्या मिरच्यांनी मैदानंच्या मैदानं लाल झालेली असायची आणि आजूबाजूला सगळ्यांना शिंका. एप्रिलात तो रंग नव्हता, पण दोंडाईचा आलं तसा नाकाला जुना ठसका आठवलाच. दोंडाईचाही आमच्याच तालुक्यातलं. मग शिंदखेडा. तुम्ही तिकीट काढाल तर रेल्वेच्या लेखी ते ‘सिंदखेडा’ आहे, शोधताना घोळ होतो. रस्त्यानं यायचं, तर धुळ्याला उतरून पुढे एसटी.

गाडीतून खाली पाय ठेवला आणि ऊन अंगावर धावून आलं. सकाळचे साडेनऊ! खान्देशातल्या उन्हाला घाम येऊ द्यायचीही सवड नसते, अंगावर यायच्या आधीच तो वाळतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वरच असतो आणि हवा कोरडी ठक्क. तालुका कमी पावसाचा. उन्हाळ्यात पूर्वी ताजी भाजी दिसायची नाही. त्यामुळे हिवाळ्यात जे मुबलक असेल, ते वाळवून ठेवायचं. वांगी, गवार, कारली, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, सगळं. आता बाजारात बारा महिने फ्लॉवर मिळतो, तरी वाळवण थांबलेलं नाही.

आमच्या घराला आता स्लॅब आहे, पण घरात सगळे अजून त्याला धाबंच म्हणतात. पहिल्याच दिवशी सकाळी धाब्यावर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातल्या. दुसरीकडे बिबडे. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते : ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, तिचा घाट शिजवायचा आणि तो ओल्या कापडावर हातानं गोल थापायचा. मोठ्या मायचे बिबडे कंपासनं काढल्यासारखे गोल, माझे महाराष्ट्राच्या नकाशासारखे. शेजारच्या दोघी बायका माझे बिबडे बघून पदराआड हसत होत्या. अकरा वाजता धाबं तापलं, तसं सगळ्यांनी खाली पळ काढला.

आणि मग ते ताट आलंच.

मी खोटं बोलले. सोमवार होता, म्हटलं, ‘उपास आहे.’ मोठ्या मायचा चेहरा खुलला. मुंबईत राहून पोरगी सोमवार करते! तिनं कौतुकानं साबुदाण्याची खिचडी केली आणि सोबत वाटीभर खजूर ठेवला. ‘खा, अशक्त दिसतेस.’ आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आठ खजूर खाल्ले. मोजून आठ.

रात्री अंगणात खाटा टाकून सगळे झोपलेले. आमचं टॉयलेट अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या फेरीला कुत्रं भुंकलं. दुसऱ्या फेरीला तेही भुंकलं नाही. तिसऱ्यांदा परत येताना अंधारातून आवाज आला, ‘काय व, पोट दुखस का?’

मोठी माय खाटेवर उठून बसली होती. मी म्हटलं, ‘नाही गं, सहज...’

‘तिसरी खेप शे तुनी.’

मग मात्र मी तिच्या खाटेच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. आयबीएस, फॉडमॅप हे शब्द टाळून. कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, खजूर तर मुळीच नाही, उपासबिपास काही नव्हता. जीन्सचं बटण, दादरचं टॉयलेट, सगळं. बोलताना मला रडू आलं, पोट दुखत होतं म्हणून आणि नसतं दुखत तरीही आलं असतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘माले काबर नही सांगं?’

म्हटलं, ‘तुला वाईट वाटलं असतं.’

‘तीन वरीस तू उनी नही, ते बरं वाटनं का माले?’

यावर मला काही सुचलं नाही. ती उठून आत गेली, कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कामाच्या आवाजात विचारलं, ‘तुले काय चालस ते सांग.’ मोठ्या बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. त्यांचा चहा वेगळा, भात वेगळा. एवढी वर्षं तिनं त्याचा कधी बाऊ केला नव्हता आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ‘यास्ले साखर नही, तुले कांदा नही,’ एवढं म्हणून ती आडवी झाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कोठीतून वांग्याच्या काचऱ्यांची पिशवी काढली. हिवाळ्यातली वांगी पातळ कापून धाब्यावर कडक वाळवलेली. काळपट, वाकडी, चामड्याच्या तुकड्यांसारखी. मी आपली पाव किलोचं वगैरे माप मनात धरून बसले होते. तिनं दोन मुठी काढल्या. पाच माणसांसाठी दोन मुठी! माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, किलोभर वांगी वाळली की एवढीच उरतात. खरंच होतं. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणजे किलोचे जेमतेम शंभर ग्रॅम. हेच आहारतज्ज्ञांनी मला पाचशे रुपये घेऊन सांगितलं होतं. पण त्यांच्याकडे ऐकलेलं गणित आणि दोन मुठी समोर दिसणं यात फरक आहे. मोठ्या मायला दोन मुठींमागची वांग्यांची टोपली दिसत होती, कारण ती तिनं स्वतः चिरली होती. मला पाकिटातल्या अंजिरांमागचं झाड कधी दिसलंच नव्हतं.

मग तिनं काचऱ्या गरम पाण्यात अर्धा तास भिजत घातल्या, पिळल्या आणि ते तपकिरी पाणी मोरीत ओतलं. मी विचारलं, का फेकतेस? ‘कडूपणा जातो, धूळ जाते.’ तिची सासूही असंच करायची. योगायोग असा, की फ्रुक्टॅन आणि सॉर्बिटॉलसारख्या गोष्टी पाण्यात विरघळतात, त्यामुळे भिजवून पाणी टाकलं की त्यातल्या थोड्या तरी निघून जातात. सगळ्या नाही, आणि सोबत थोडी जीवनसत्त्वंही जातात, हे मान्य. पण वाळवलेली वस्तू आधी पाणी पाजून, फुगवून मग खायची, हा साधा नियम इथल्या प्रत्येक घरात आहे. आपण शहरात ती कोरडीच तोंडात टाकतो आणि मग तिला लागणारं पाणी ती आपल्या पोटातून वसूल करते.

लसणाचा प्रश्न मी सोडवला, तेवढाच माझा वाटा. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून तेलात लसणाच्या पाकळ्या परतायच्या आणि काढून टाकायच्या, वास तेवढा मागे राहतो. मोठ्या मायला ही युक्ती भलतीच आवडली. काढलेल्या पाकळ्या तिनं मोठ्या बाबांच्या ताटात टाकल्या. हिंग, हळद, तिखट बेतानं, वरून शेंगदाण्याचा कूट, सोबत ज्वारीची भाकरी. तिचा काळा मसाला मात्र घालता आला नाही, कारण त्यात उन्हात वाळवून तळलेला कांदा असतो. कांद्याचं पाणी गेलं म्हणजे कांदा गेला असं नाही. साधारण आठ-दहा किलो कांद्याचा एक किलो सुका कांदा होतो, म्हणजे चमचाभर पुडीत केवढा ऐवज! आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात जैन समूहाचा कांदा वाळवण्याचा मोठा कारखाना आहे, गुजरातेतलं महुवा तर या धंद्यासाठीच ओळखलं जातं. तिथून हा कांदा जगभरच्या सूप आणि मसाल्यांत जातो. खान्देशी म्हणून मला त्याचा अभिमान आहे, पण पोटाला प्रांताभिमान नसतो.

मी छोटी वाटीभर भाजी आणि दीड भाकरी खाल्ली. वांग्याची ती चव मी विसरूनच गेले होते. वाळलेल्या वांग्याला मटणासारखा चिवटपणा येतो, हे बाबा नेहमी सांगायचे. चघळावं लागतं, म्हणून सावकाश खाल्लं जातं. त्या रात्री कुत्रं भुंकलं नाही, कारण मी उठलेच नाही.

चमत्कार झाला असं कृपया समजू नका. तिसऱ्या दिवशी मी हुरळून तळलेले बिबडे हादडले आणि त्यात लसूण होता हे विसरले. मग व्हायचं ते झालं. कुरडया मात्र निमूट पचल्या. त्यामागचं कारण मला नंतर कळलं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा आणि वरची निवळ ओतून द्यायची. या सगळ्या धुण्यात गव्हातले विरघळणारे फ्रुक्टॅन बरेचसे निघून जातात आणि उरतो तो मुख्यतः स्टार्च. अर्थात ज्यांना ग्लुटेनचा त्रास आहे, सिलिअ‍ॅक आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि एक सांगायलाच हवं, माझी यादी ही तुमची यादी नव्हे. शौचातून रक्त जात असेल, वजन उगाच उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारा त्रास असेल, तर ‘मलाही आयबीएसच असणार’ असं म्हणत घरी बसू नका, आधी डॉक्टर गाठा. फॉडमॅपचं पथ्यही आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा. नाहीतर माझ्यासारखं होतं, यादीतल्या पदार्थांबरोबर माणसंही बंद होतात.

शेवटच्या दिवशी धाब्यावर मसाल्याचं सामान पसरलेलं होतं. मिरच्या, धणे, खोबरं आणि एका कडेला उभे चिरून वाळत घातलेले कांदे. संध्याकाळी भाजायला घेताना मोठ्या मायनं सूनबाईला सांगितलं, की कांदा-लसूण पडायच्या आधी दोन वाट्या बाजूला काढ. एका हातानं काम करणाऱ्या सूनबाईनं बरणीवर चिकटपट्टी लावली आणि पेनानं लिहिलं : ‘बिगर कांदा’. मोठ्या मायनं ती बरणी हातात घेऊन दोनदा वास घेतला. कांद्याशिवायच्या मसाल्याविषयी तिचं मत तिच्या नाकावर स्पष्ट दिसत होतं. पण बोलली काही नाही.

स्टेशनवर सोडायला मोठे बाबा आले होते. बरणी, काचऱ्यांची पिशवी, कुरडयांचा डबा आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं. पुडकं उघडलं तर खजूर! मी बघतच राहिले. ते हसून म्हणाले, ‘ते तुझं नाही. तुझ्या ऑफिसातल्या पोरींना. तिनं बजावून सांगितलंय.’

खजूर ऑफिसात दोन दिवसांत संपला. रविवारी मी डोंबिवलीच्या किचनमध्ये पहिल्यांदा काचऱ्या भिजत घातल्या. एकच मूठ, मोजून. पाच मिनिटांत फोन वाजला. तिला कसं कळलं कोण जाणे. ‘पाणी फेकलं ना?’ तिनं विचारलं. आणि मी पातेलं सिंकमध्ये रिकामं करत म्हटलं, ‘हो, फेकतेय. थांब, स्पीकरवर टाकते, आता तेलात लसूण किती घालू सांग.’